एनजीओत यायचंय? आधी संस्थेची तब्येत बघा

एमएसडब्ल्यू (समाजकार्यातली पदव्युत्तर पदवी) झाल्या झाल्या बीड जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेत लागले, आता नऊ वर्षं होतील, मधे एकदा संस्था बदलली. नवीन पोरं-पोरी विचारतात ताई मराठवाड्यात राहून या क्षेत्रात यावं का, तर यावंच, पण इंटरव्ह्यूला गेल्यावर तुम्हीपण त्यांना चार प्रश्न विचारा, मी विचारले नव्हते.

आपल्याकडे संस्थांची कमी नाही. अंबाजोगाईची मानवलोक 1982 पासूनची, 30 सप्टेंबर 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीच्या पट्ट्यात तर किती संस्था आल्या, काही मुरल्या, बाकीच्या पैसा संपला तसं निघून गेल्या.

माझ्या पहिल्या संस्थेत काम ऊसतोड कामगारांच्या मुलांचं. दिवाळीच्या आसपास टोळ्या कारखान्याला जातात, परत यायला मार्च-एप्रिल. आणि फंडाचं वर्ष एप्रिल ते मार्च! करार व्हायला जुलै, पहिला हप्ता पडायला सप्टेंबर, माणसं भरेस्तोवर दसरा, आणि सर्वेला गेलो की घरांना कुलुपं, दारात फक्त म्हातारी माणसं. मग मार्चमध्ये घाई, पैसे खर्च करा, यूसी (पैसे कुठे वापरले त्याचं प्रमाणपत्र) पाठवा. एका मार्चमध्ये मी सात ट्रेनिंग घेतल्या, समोर गावातली तीच तीच माणसं बसलेली, आणि ज्या लेकरांसाठी ते पैसे होते ती तिकडे कोल्हापूर-सांगलीच्या फडावर. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून पहिला प्रश्न हा, की एक प्रोजेक्ट संपला आणि दुसरा सुरू व्हायचाय, मधे पगार कुठून देता? आमच्याकडे चार महिने मानधनच नव्हतं. त्यात दोन जुन्या कार्यकर्त्या सोडून गेल्या, तांड्यावरचं घर न् घर त्यांना माहीत, कुठल्या मुकादमाकडे कुणाची किती उचल (आगाऊ घेतलेले पैसे) हे तोंडपाठ. नवीन माणूस घेतला तरी ते येत नाही, संस्थेची खरी ताकद तीच असते आणि ती बॅलन्स शीटमध्ये कुठेच दिसत नाही.

करार किती वर्षांचा हेपण विचारा. सीएसआरमध्ये (कंपन्या समाजकामाला देतात तो पैसा) प्रोजेक्ट सुरुवातीलाच 'चालू प्रकल्प' म्हणून मंजूर झाला असेल तर कंपनीला न खर्चलेले पैसे वेगळ्या खात्यात टाकून पुढच्या 3 आर्थिक वर्षांत वापरता येतात, मार्चलाच संपवायची गरज नसते. दुसरं, 5 टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चावर आहे, पण ती संस्थांवरच लावली जाते आणि बिचाऱ्या संस्था अकाउंटंटचा पगार, ऑफिसचं भाडं मागायलाच घाबरतात. हे बजेट बनवताना बोलायला शिका. परदेशी पैशाचं म्हणाल तर 2020 च्या एफसीआरए (परदेशी देणग्यांचा कायदा) बदलानंतर मोठ्या संस्थेला तो पैसा छोटीला पुढे देता येत नाही, शिवाय प्रशासनावर 50 ऐवजी 20 टक्केच, तालुक्याच्या छोट्या संस्थांना हे फार जड गेलं.

कागदं बघायला लाजू नका. 12ए, 80जी या आयकर सवलतीच्या नोंदण्यांची मुदत (आता कायमची नसते, ठरावीक वर्षांनी रिन्यू करावं लागतं), सीएसआर-1 नंबर (सीएसआरचा पैसा घ्यायला लागणारी नोंदणी), शेवटचं ऑडिट, आणि धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल आहेत का. विश्वस्त बदलले की 90 दिवसांत तो द्यायचा असतो, नाही दिला की परिशिष्टावर (धर्मादाय कार्यालयातली विश्वस्तांची नोंद) वारलेल्या माणसांची नावं तशीच राहतात आणि नेमकं फंड यायच्या वेळी सगळं अडकतं. आणि हो, संस्थापक सर आजारी पडले तर फंडरशी बोलणार कोण, चेकवर सही कोणाची? याचं उत्तर पटकन आलं नाही तर जरा विचार करा.

टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) आणि साधा मराठी रिपोर्ट लिहिणं एवढं येत असेल तर काम मिळतं, बाकी फील्डवर शिकता.

आताच्या संस्थेत आम्ही तीन वर्षांचा करार मागून घेतला, फंडरच्या मॅडमना एकदा तांड्यावर नेलं आणि कुलुपं दाखवली. यंदा सर्वे पोळ्याच्या आत झाला, आईबाप जायच्या आधीच हंगामी वसतिगृहासाठी मुलांची यादी शाळेत पोचली होती.