दक्षिणायनारंभाचा दिवस कोल्हापुरात कसा पाळावा

कोल्हापूरकरांना सूर्याच्या वार्षिक वाटचालीची ओळख नव्याने करून द्यावी लागत नाही. अंबाबाईच्या मंदिरातील किरणोत्सवात ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या दिवसांत मावळतीची किरणे महाद्वाराकडून आत येऊन देवीच्या मूर्तीपर्यंत पोहोचतात. नोव्हेंबरचा उत्सव २१ डिसेंबरच्या सुमारे सहा आठवडे आधी येतो आणि फेब्रुवारीचा सुमारे सहा आठवडे नंतर, कारण दक्षिणेकडे जाणारा सूर्य आणि तेथून परतणारा सूर्य क्षितिजावरच्या त्याच जागेवरून दोनदा मावळतो. या फेरीचे एक टोक डिसेंबरात असते, तर दुसरे २१ जूनला, म्हणजे दक्षिणायनारंभाच्या दिवशी. ते दुसरे टोक युरोपातील पेगन, म्हणजे निसर्गपूजक, परंपरांमध्ये वर्षातल्या मोठ्या सणांपैकी एक मानले जाते. आपल्याकडे मात्र ते बहुधा पावसाच्या ढगांआड आणि पेरणीच्या घाईत निघून जाते. हा दिवस जाणीवपूर्वक पाळू इच्छिणाऱ्यांसाठी, युरोपातील परंपरांमधून काय घ्यावे आणि कोल्हापूरच्या आकाशाखाली ते कसे करावे, याचे मार्गदर्शन येथे केले आहे.

प्रथम या परंपरांमध्ये जुने काय आणि नवे काय, हे नीट समजून घ्यावे, कारण या विषयावरील बहुतेक लिखाणात दोन्हींची सरमिसळ झालेली असते. इंग्लंडमधील स्टोनहेंजचे मोठे दगड इसवी सनापूर्वी सुमारे २५०० च्या काळात उभारले गेले आणि त्यांची मांडणी उन्हाळी अयनदिनाच्या (२१ जून) सूर्योदयाला व हिवाळी अयनदिनाच्या (२१ डिसेंबर) सूर्यास्ताला धरून केलेली आहे, याबद्दल शंका नाही. मात्र प्राचीन केल्ट लोकांच्या ज्या ड्रुइड पुरोहितांशी ते स्थान जोडले जाते, त्यांचा काळ त्यानंतर सुमारे दोन हजार वर्षांनी येतो, आणि आज तेथे पांढऱ्या वस्त्रांत जमणारे ड्रुइड हे अठराव्या शतकात सुरू झालेल्या पुनरुज्जीवनाचे वारसदार आहेत. या दिवसाला आज दिले जाणारे ‘लिथा’ हे नाव बीड या इंग्रज भिक्षूने इसवी सन ७२५ मध्ये जून व जुलै या महिन्यांचे जुने नाव म्हणून नोंदवले होते. सणाचे नाव म्हणून ते १९७० च्या दशकात अमेरिकेतील एडन केली यांनी रूढ केले. आठ सणांचे ‘वर्षचक्र’ही विसाव्या शतकाच्या मध्यास ब्रिटनमध्ये जेराल्ड गार्डनर यांचा विका हा आधुनिक पेगन पंथ आणि रॉस निकोल्स यांचे ड्रुइड मंडळ यांच्या वर्तुळात आकाराला आले. ओक आणि हॉली या झाडांचे राजे, ओकराजा आणि हॉलीराजा, यांच्या लढाईची कथा, ज्यात उन्हाळ्याच्या शिखरावर ओकराजा हरतो आणि उतरणीचा काळ हॉलीराजाकडे जातो, तीही आजच्या रूपात विसाव्या शतकातलीच आहे. म्हणून ती टाकाऊ ठरत नाही. अर्थ सांगणारी कथा नवी असली तरी खरी साथ देऊ शकते. फक्त तिला प्राचीन म्हणू नये.

खरोखर जुन्या आणि सलग चालत आलेल्या प्रथा ग्रामीण युरोपात आढळतात. ख्रिस्ती काळात त्या २४ जूनच्या संत जॉनच्या सणाला जोडल्या गेल्या, तरी त्यांचा गाभा अग्नी, पाणी आणि वनस्पती हाच राहिला. लॅटव्हियात २३ जूनच्या संध्याकाळी पेटवलेला अग्नी पहाटेपर्यंत विझू देत नाहीत. पुरुष ओकच्या पानांचे मुकुट घालतात, स्त्रिया फुलांचे, आणि त्या दिवसासाठी मुद्दाम केलेले शहाजिऱ्याच्या चवीचे चीज सर्वांना वाटले जाते. पोलंड आणि युक्रेनमधील कुपाला रात्री तरुण-तरुणी अग्नीवरून उड्या मारतात आणि फुलांची कडी नदीत सोडतात. स्वीडनमध्ये मुली सात प्रकारची फुले उशाखाली ठेवून झोपतात. पीक शेतात उभे असते, पण अजून घरात आलेले नसते. म्हणून या अग्नीत कृतज्ञता असते तशी काळजीही असते, आणि त्याचा धूर गुराढोरांना व पिकाला राखतो अशी श्रद्धा असते.

या सणाची एक शाखा आपल्या अगदी जवळ पोहोचली आहे. घाट उतरून गोव्यात गेल्यास २४ जूनला ‘सांजांव’ साजरा होताना दिसतो. पोर्तुगीजांबरोबर आलेल्या त्या सणात गोव्याच्या पावसाने अग्नीला मागे सारले. डोक्यावर पानाफुलांचे ‘कोपेल’ घातलेले लोक भरलेल्या विहिरींत आणि तळ्यांत उड्या घेतात. कोल्हापूरसाठी यातून घेण्यासारखा धडा मला फार मोलाचा वाटतो. ज्या दिवशी उत्तर युरोपात शेकोटी शोभते, त्या दिवशी आपल्याकडे पाणी शोभते. आपल्याकडे तशी प्रथा आहेच: आषाढात पंचगंगेचे नवे पाणी कलशांत भरून ‘पी ढबाक’च्या सुरांत टेंबलाईच्या, म्हणजेच त्र्यंबोलीच्या, टेकडीवर नेले जाते आणि त्र्यंबोली देवीच्या पायऱ्यांवर वाहिले जाते.

दिवस पाळण्याची तयारी जूनच्या पहिल्या आठवड्यापासून करावी. घराच्या गच्चीवरची किंवा रंकाळ्याच्या पूर्व काठावरची एक जागा ठरवून घ्यावी आणि जमेल त्या संध्याकाळी, तेथे उभे राहून, सूर्य कोणत्या झाडामागे, इमारतीमागे किंवा डोंगराच्या कोणत्या खाचेत मावळतो हे वहीत रेखाटून ठेवावे. २१ जूनला सूर्यास्त नेमक्या पश्चिमेच्या सुमारे साडेचोवीस अंश उत्तरेला होतो. रंकाळ्यावरून पाहिल्यास तो पन्हाळ्याच्या दिशेने वर्षात सर्वांत जास्त सरकलेला असतो, तरीही पन्हाळ्यापर्यंत न पोहोचता बराच डावीकडे मावळतो. सूर्याकडे थेट टक लावून कधीही पाहू नये. बिंब क्षितिजाला टेकल्यावर दिशा टिपणे पुरेसे असते.

ढगांमुळे निराश होण्याचे कारण नाही. मार्चमध्ये सूर्य रोज सुमारे ०.४ अंश उत्तरेकडे सरकतो, पण ११ जून ते १ जुलै या काळात त्याच्या क्रांतीतील, म्हणजे खगोलीय विषुववृत्तापासूनच्या त्याच्या कोनीय अंतरातील, एकूण फरक त्याच्या बिंबाच्या रुंदीहूनही कमी असतो. म्हणजे हे सुमारे तीन आठवडे सूर्य डोळ्यांना जागच्या जागी थांबलेला दिसतो आणि त्यातील कोणत्याही उघडीप मिळालेल्या दिवशी केलेले निरीक्षण २१ जूनच्या निरीक्षणाइतकेच ग्राह्य धरता येते. माझ्या मते या दिवसाचा आध्यात्मिक अर्थ याच थांबण्यात आहे. वाढ शिगेला पोहोचते, काही काळ स्थिर राहते आणि उतरण सुरू झाल्याचे लगेच कळतही नाही. ज्याला आपल्या आयुष्यातले भरतीचे दिवस ओळखून ते घट्ट न पकडता जगायचे आहेत, त्याच्यासाठी चिंतनाचा याहून चांगला विषय नाही.

प्रत्यक्ष दिवशी पहाटे उठून सूर्योदयापूर्वी, म्हणजे सहाच्या सुमारास, पूर्वेच्या किंचित ईशान्येकडे तोंड करून उभे राहावे. स्टोनहेंजला जमणारे लोकही पहाटेच्या याच क्षणाची वाट पाहत असतात. तांब्यातून अर्घ्य देण्याची आपली पद्धत येथे पूर्णपणे योग्य आहे. शक्य असल्यास अर्घ्याचे पाणी त्या जूनमध्ये धरलेले पावसाचे असावे आणि ते तुळशीच्या किंवा एखाद्या रोपाच्या मुळाशी पडावे. हा वर्षातला सर्वांत मोठा दिवस असला, तरी सर्वांत लवकर होणारा सूर्योदय त्याच्या काही दिवस आधी आणि सर्वांत उशिरा होणारा सूर्यास्त काही दिवस नंतर येतो, हेही ध्यानात ठेवावे.

दुपारचा भाग सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तो युरोपात करता येत नाही. कोल्हापूर सुमारे १६.७ अंश उत्तर अक्षांशावर, म्हणजे कर्कवृत्ताच्या बरेच दक्षिणेला आहे. त्यामुळे ६ मेच्या सुमारास सूर्य आपल्या नेमका डोक्यावरून जातो आणि पुढे उत्तरेकडे सरकत राहतो. २१ जूनला मध्यान्ही तो आपल्या उत्तरेला सुमारे पावणेसात अंशांवर असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. अंगणात किंवा गच्चीवर एक मीटर लांबीची सरळ काठी ओळंबा लावून उभी करावी. कोल्हापूरचा खरा मध्यान्ह त्या दिवशी घड्याळाच्या १२ वाजता नव्हे, तर १२ वाजून ३५ मिनिटांच्या सुमारास होतो. त्या वेळी काठीची सावली दक्षिणेकडे जेमतेम १२ सेंटिमीटर भरते. तिच्या टोकावर खडूने किंवा दगडाने खूण करावी, आणि शेजारी थोडा वेळ शांत बसावे. लहान मुलांना या वेळी आवर्जून बरोबर घ्यावे. एरवी आपल्या सावलीला उत्तरेकडे पडताना पाहिलेले मूल ती दक्षिणेकडे वळलेली पाहते, तेव्हा पृथ्वीच्या कललेल्या आसाबद्दल वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

युरोपाइतका जल्लोष आपल्याकडे का नाही, याचेही उत्तर आकाशातच आहे. स्टोनहेंजच्या परिसरात अयनदिनाचा दिवस सुमारे १६ तास ३८ मिनिटांचा असतो आणि डिसेंबरातील सर्वांत लहान दिवस आठ तासांहूनही कमी. कोल्हापुरात जूनचा सर्वांत मोठा दिवस सुमारे १३ तास ७ मिनिटांचा आणि डिसेंबरचा सर्वांत लहान दिवस सुमारे ११ तास ८ मिनिटांचा. फरक अवघ्या दोन तासांचा. ज्यांनी लांबलचक अंधार सोसला आहे त्यांना प्रकाशाची परिसीमा उत्सवासारखी वाटणे स्वाभाविक आहे. आपल्या शेतकऱ्याची नजर मात्र या दिवसांत पावसाकडे असते. मृग सरत येतो, २१-२२ जूनच्या सुमारास सूर्य आर्द्रा नक्षत्रात जातो, भुईमूग आणि सोयाबीनची पेरणी चालू असते आणि पश्चिमेकडच्या तालुक्यांत भाताचा तरवा हिरवा झालेला असतो. युरोपात उभ्या पिकासाठी प्रार्थना होते. येथे मातीखालच्या बियाण्यासाठी व्हावी.

संध्याकाळचा विधी साधा ठेवावा. पावसाळी शहरात मोठी शेकोटी पेटवणे शक्यही नाही आणि योग्यही नाही; तिच्या जागी दारात किंवा देवघरात समई लावावी आणि सूर्यास्तापासून, म्हणजे सात वाजून आठ मिनिटांच्या सुमारापासून, झोपेपर्यंत कोणीतरी जागे राहून तिची राखण करावी. घरातील प्रत्येकाने या वर्षात आपल्याकडून पूर्णत्वाला गेलेली एक गोष्ट मोठ्याने सांगावी आणि आता सोडून द्यावयाची एक गोष्ट मनात ठेवावी. फुलांचे कडे करायचे असल्यास अंगणातली जास्वंद, झेंडू आणि सोनचाफा पुरेसा आहे. ओकच्या जागी वडाचे स्मरण करावे, पण वटपौर्णिमेप्रमाणेच या दिवशीही फांद्या तोडू नयेत; झाडापाशी जाऊन त्याला पाणी घालावे. कडी नदीत सोडण्याची कुपालाची प्रथा कितीही मनोहर वाटली, तरी पंचगंगेत किंवा रंकाळ्यात काहीही टाकू नये. पाण्याने भरलेल्या परातीत कडे तरंगवावे आणि दुसऱ्या दिवशी ती फुले कुंडीच्या मातीत मिसळावीत.

पंचांग पाहणाऱ्यांना एक प्रश्न पडेल. सूर्याची निरयन, म्हणजे नक्षत्रांवरून मोजलेली, कर्कसंक्रांत जुलैच्या मध्यास येते, मग दक्षिणायन नेमके कधी सुरू होते? संपातचलनामुळे, म्हणजे पृथ्वीच्या आसाची दिशा हळूहळू बदलत असल्यामुळे, नक्षत्रांवर आधारलेली गणना आणि ऋतूंवर आधारलेली गणना यांत आज सुमारे चोवीस अंशांचे अंतर पडले आहे. सूर्य दक्षिणेकडे प्रत्यक्ष वळतो तो २१ जूनलाच, आणि १९५७ मध्ये स्वीकारलेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेतील आषाढाचा पहिला दिवस त्याच हिशेबाने २२ जूनला येतो. घरातील व्रतवैकल्ये आपल्या पंचांगाप्रमाणे चालू ठेवून हा दिवस स्वतंत्रपणे पाळण्यास काहीच अडचण नाही.

मध्यान्हीची खूण पुसू नये आणि काठीची जागाही हलवू नये. जुलैत उघडीप मिळेल त्या दुपारी सावली पुन्हा मोजावी. ती हळूहळू आखूड होत जाईल. ५-६ ऑगस्टच्या सुमारास, दुपारी १२ वाजून ३९ मिनिटांच्या आसपास, ती काठीच्या बुंध्याशी नाहीशी होईल आणि त्यानंतरच्या दिवसांपासून उत्तरेकडे पडू लागेल.