नवं नायट्रो इंजिन: गोव्यातल्या उकाड्यावर विसंबू नका

मे महिन्यात डिचोलीला सावलीत बसलं तरी घामाच्या धारा लागतात. अशात अंगणात कुणी रिमोटच्या गाडीचं एवढंसं नायट्रो इंजिन (मिथेनॉल आणि नायट्रोमिथेनच्या इंधनावर चालणारं) हीट गनने, म्हणजे गरम हवेच्या झोताने, शेकत बसलेला दिसला, की शेजारचे विचारणारच, "अरे, आणखी किती तापवशील?" माझ्या पहिल्या इंजिनाच्या वेळी मीही तसाच विचार केला होता. हवाच ३३ अंश, वेगळं तापवायचं कशाला? टाकी भरली आणि पुल-स्टार्टची दोरी ओढत सुटलो. पिस्टन वर जाऊन अडकायचा, मी गाडीवर पाय देऊन आणखी जोरात ओढायचो. शेवटी दोरी तुटून हातात आली. नवीन दोरी घालून इंजिन कसंबसं सुरू केलं, तर पुढच्या दोन रविवारांत कॉनरॉडच, म्हणजे पिस्टनला खालच्या फिरत्या क्रँकशी जोडणारा दांडाच, मोडला. दोष इंजिनाचा नव्हता.

या इंजिनांत पिस्टनला रिंग नसते. सिलिकॉन मिसळलेल्या अॅल्युमिनियमचा पिस्टन आणि तो ज्या नळीत वर-खाली होतो ती आतून क्रोम चढवलेली पितळेची स्लीव्ह, एवढाच संसार. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते, म्हणून थंड इंजिनात पिस्टन वर पोहोचला की आवळला जातो. इंजिन तापलं की पितळ पिस्टनपेक्षा जास्त फुगतं आणि दोघांमध्ये हवी तेवढीच फट राहते. ही फट ९५-१०० अंशांच्या आसपासची. त्या हिशेबाने आपले ३३ अंश म्हणजे थंडीच. थंड इंजिन फिरवलं की प्रत्येक फेरीला पिस्टन त्या अरुंद गळ्यात ठोकला जातो आणि तो मार कॉनरॉड व क्रँकपिन (कॉनरॉड क्रँकला जिथे जोडलेला असतो ती खीळ) खातात.

आधी एक खूण

ग्लो प्लग, म्हणजे इंजिनाच्या डोक्यावरचा इंधन पेटवणारा प्लग, काढा. नारळाच्या झाडूचा हीर प्लगच्या भोकातून अलगद आत सोडा आणि फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या टोकाचं जड चाक, हाताने सावकाश फिरवा. हीर सर्वांत खोल जाईल तेव्हा पिस्टन तळाला आहे. फ्लायव्हीलवर तिथेच, खालच्या बाजूला, पांढऱ्या मार्करने रेघ ओढा. हीर आत मोडणार नाही एवढी काळजी घ्या. या रेघेचा उपयोग प्रत्येक टाकीनंतर होणार आहे.

एअर फिल्टरचा स्पंज फिल्टर ऑइलमध्ये भिजवून पिळून बसवा. आपल्या सड्यावरची लाल धूळ पिठासारखी बारीक असते. कोरड्या स्पंजातून ती सरळ आत जाते आणि पिस्टन घासून टाकते. समुद्राच्या वाळूत तर नवं इंजिन नेऊच नका.

गाडीची चाकं अधांतरी हवीत. मी दोन चिरे ठेवतो, वर जुना पाट आणि पाटावर गाडीची चॅसिस. जागा मोकळ्या हवेतली असावी. वेळ मात्र सकाळची धरा, दुपारी दोन ते चार वाड्यावर हे इंजिन वाजवलंत तर पुढचं सगळं आयुष्य ऐकून घ्यावं लागेल.

तापवणं

टाकी रिकामी असतानाच तापवा. इंधनात मिथेनॉल असतं, ते पटकन पेट घेतं आणि उन्हात त्याची ज्वाळा जवळजवळ दिसतच नाही. हीट गन इंजिनाच्या डोक्यावर आणि बाजूने फिरवत ठेवा. प्लास्टिकचे भाग आणि इंधनाची नळी यांच्यावर झोत येऊ देऊ नका. हेअर ड्रायरनेही काम होतं, फक्त वेळ जास्त लागतो. टेम्परेचर गन (लांबूनच तापमान दाखवणारं यंत्र) डोक्यावरून सरळ ग्लो प्लगवर रोखा. ७०-८० अंश दिसले की पुरे. आता फ्लायव्हील हाताने फिरवून बघा: मघाशी जिथे अडत होतं तिथे आता नुसता हलका दाब जाणवेल. हा फरक बोटांना एकदा कळला की पुन्हा कुणी सांगावं लागत नाही.

हीट गन बंद करून लांब ठेवा, मगच टाकी भरा. मिथेनॉल विषारी आहे, हातमोजे घाला. प्लगला इग्नायटर, म्हणजे प्लगची तार तापवणारी बॅटरी, लावा आणि सुरू करा. दोरी जड लागली तर तिच्याशी झोंबू नका. आत इंधन जास्त झालेलं असतं. प्लग काढून दोनचार वेळा फिरवलं की ते बाहेर उडतं.

पहिल्या सहा टाक्या

पूर्वी सांगत, की नवं इंजिन रुळवताना भरपूर रिच, म्हणजे इंधन जास्त आणि हवा कमी, ठेवून थंडच चालवावं. त्याने इंजिन गुरगुरत राहतं, पण तापत नाही आणि पिस्टन आवळलेलाच फिरतो. मला ती पद्धत पटत नाही. कंपनीने दिलेल्या सेटिंगवर थोडं रिच ठेवा, धूर स्पष्ट दिसला पाहिजे. पण तापमान ९५ अंशांच्या खाली जाऊ देऊ नका. वारा असेल आणि ते चढत नसेल, तर डोक्याच्या पात्यांवर स्वयंपाकघरातली फॉइल गुंडाळा. ११० च्या वर गेलं तर फॉइल काढा.

पहिल्या दोन टाक्या पाटावरच, आयडलवर, म्हणजे सर्वांत कमी वेगावर. अधूनमधून थ्रॉटल (वेग वाढवायचा रिमोटवरचा खटका) किंचित दाबून सोडायचा. चाकं हवेत असताना पूर्ण दाबू नका. टाकी संपत आली की जाड फडक्याने एग्झॉस्टचं तोंड बंद करून इंजिन थांबवा. टाकी कोरडी होऊन इंजिन आपोआप बंद पडू देऊ नका, शेवटी ते लीन होऊन, म्हणजे इंधन कमी आणि हवा जास्त होऊन, उगाच तापतं. थांबताक्षणी फ्लायव्हील फिरवून पांढरी रेघ खाली आणा. गरम स्लीव्ह थंड होताना आकसते, त्या वेळी पिस्टन वर राहिला तर ती त्याच्यावरच आवळते आणि घट्टपणा कायमचा बिघडतो. पूर्ण गार होऊ द्या, आमच्या हवेत अर्धा तास सहज लागतो. नंतर पुन्हा हीट गनपासून सुरुवात.

तिसरी टाकी जमिनीवर, पाव थ्रॉटलपर्यंत. चौथी अर्ध्यापर्यंत. पाचव्या-सहाव्याला थोडं जास्त, तेही क्षणभर दाबून सोडायचं. या टप्प्यावर हाय-स्पीड नीडल (जास्त वेगाला इंधन किती जावं ते ठरवणारा कार्बुरेटरचा स्क्रू) एका वेळी घड्याळातल्या एका तासाएवढीच आत फिरवा आणि तापमान बघा.

दिवस संपल्यावर

टाकीत इंधन ठेवू नका. मिथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं, नायट्रोमिथेनच्या जळण्यातून आम्लही उरतं, त्यात आपली खारी हवा. बेअरिंगला गंज चढायला हे तिन्ही पुरेसे. उरलेलं इंधन डब्यात ओतायचं आणि झाकण घट्ट लावायचं. इंजिन सुरू करून आतलं इंधन जाळून टाका, मग प्लगच्या भोकातून आणि कार्बुरेटरमधून आफ्टर-रन ऑइलचे, म्हणजे चालवून झाल्यावर गंजापासून वाचवायला घालायच्या तेलाचे, चारपाच थेंब सोडून काही वेळा फिरवा. पांढरी रेघ खाली. जुलैत माझं एक इंजिन या थेंबांवाचून तीन आठवडे राहिलं होतं. मागचं कव्हर काढलं तेव्हा क्रँकवर लालसर पूड बसली होती.