उन्हाळ्यातला तीन दिवसांचा हवामान अंदाज पुण्यात बसून कसा वाचावा

एप्रिल-मे महिन्यात पुण्यात दुपारी चटका, संध्याकाळी वळीव आणि मधल्या वेळात एखाद्या टेकडीवर धूर, हे एकाच दिवशी घडू शकतं. हवामान विभागाच्या अंदाजात याची बरीचशी चाहूल आधी मिळते, पण आपण 'यलो अलर्ट' एवढंच वाचून पुढे जातो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे आता कृती करा. खरी माहिती मात्र रंगाखालच्या मजकुरात असते.

१. आधी देश, मग जिल्हा. अखिल भारतीय पत्रकात विदर्भापासून कर्नाटक-केरळपर्यंत कमी दाबाचा पट्टा किंवा वाऱ्यांची खंडितता (वाऱ्याची दिशा जिथे एकदम बदलते ती रेषा) असा उल्लेख आहे का ते पाहा. असेल तर आपल्याकडे वळवाला पोषक हवा आहे. मग पुणे ज्यात येतं तो 'मध्य महाराष्ट्र' हा उपविभाग आणि शेवटी पुणे जिल्हा. जिल्ह्याचा इशारा जुन्नरपासून इंदापूरपर्यंत सगळ्यांसाठी असतो, हे विसरू नका.

२. शब्द नीट वाचा. 'तुरळक ठिकाणी' म्हणजे उपविभागातल्या जास्तीत जास्त २५ टक्के पर्जन्यमापन केंद्रांवर पाऊस. 'काही ठिकाणी' म्हणजे २६ ते ५० टक्के. कात्रजला धो धो पडला आणि औंध कोरडं राहिलं, तर अंदाज चुकला असं होत नाही. शिवाय हवामान विभागाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, त्यामुळे आज रात्री दोन वाजता येणारी सर आजच्याच अंदाजात धरलेली असते. तिसऱ्या दिवसाचा अंदाज पाहून बेत ठरवला असेल, तर आदल्या संध्याकाळी तो पुन्हा तपासा.

३. उष्णतेचा इशारा नसला तरी कमाल आणि किमान दोन्ही पाहा. मैदानी भागात कमाल तापमान ४० अंश किंवा त्याहून जास्त आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी वर असेल, किंवा थेट ४५ गाठला, तर उष्णतेची लाट धरतात. पुण्याची एप्रिलची कमाल तापमानाची सरासरी ३८ च्या आसपास आहे, म्हणजे बेचाळीस ओलांडेपर्यंत 'लाट' हा शब्द यायचाच नाही. आणि हा आकडा स्टीव्हन्सन पेटीतला असतो: पांढरी लाकडी, झडपांची पेटी, आत सावली आणि खेळती हवा. डांबरावर उभा असलेला वाहतूक पोलीस किंवा स्लॅबवरचा गवंडी त्याहून कितीतरी जास्त ताप सोसतो. चाळिशीचा अंदाज दिसला की बारा ते चार उन्हातली कामं टाळा. रात्रीचा पारा उतरत नसेल तर अधिक जपा, कारण शरीराला सावरायला वेळच मिळत नाही. घरात वृद्ध माणसं असतील तर हे आधी बघा.

४. वळवासाठी दुपारनंतर पुन्हा बघा. सकाळचा अंदाज दिशा दाखवतो. नेमकं कुठे, ते पुढच्या तीन तासांच्या तातडीच्या अंदाजात कळतं. पाषाणच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळ पडणाऱ्या विजांची सूचना देतं. वीज चमकल्यापासून गडगडाट तीस सेकंदांच्या आत ऐकू आला, तर लगेच पक्क्या इमारतीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. झाडाखाली थांबू नका, गाडीही गुलमोहराखाली किंवा होर्डिंगजवळ लावू नका. ताशी ४०-५० किलोमीटरच्या वाऱ्याचा उल्लेख असेल, तर गच्चीवरचे पत्रे आणि कुंड्या दुपारीच आवरा.

५. वणव्याचा हिशोब स्वतः करा. रोजच्या शहर अंदाजात वणव्याची वेगळी ओळ सहसा नसते. दुपारची आर्द्रता, वारा आणि वाळलेलं गवत, या तीन गोष्टी जोडून पाहा. आर्द्रता वीस टक्क्यांच्या खाली आणि वारा जोरात असेल, तर वेताळ टेकडी, तळजाई, सिंहगडाच्या परिसरात एक विडीचं थोटूकही पुरतं. काल पाऊस झाला म्हणून निर्धास्त राहू नका. बारीक गवत एका कडक दुपारीत पुन्हा सुकतं. वळवाआधीची वावटळ आगीची दिशा क्षणात फिरवते आणि आग चढावर वेगाने पळते, म्हणून धूर दिसला तर वरच्या बाजूला जाऊ नका, एकट्याने विझवायलाही जाऊ नका. शहरात १०१, वनक्षेत्रात वन विभागाचा १९२६ फिरवा आणि टेकडीची बाजू, जवळचा रस्ता, वारा कुठल्या दिशेने आहे, एवढं सांगा.