ॲझ्युअर ब्लॉब स्टोरेज: अकाउंट की न वापरता एकाच फाइलपुरता ॲक्सेस कसा द्यावा

ॲझ्युअर ब्लॉब स्टोरेज म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडमध्ये फाइली ठेवायची सेवा. तिथल्या फाइलला ब्लॉब म्हणतात, आणि ब्लॉब कंटेनर नावाच्या कप्प्यांत असतात. अकाउंट की, म्हणजे स्टोरेज अकाउंटची गुप्त किल्ली, ज्याच्या हाती, त्याच्या हाती त्या अकाउंटमधला सगळा डेटा. ती मोबाइल ॲपच्या किंवा ब्राउझरच्या कोडमध्ये ठेवली तर ती फुटलीच म्हणून समजा. वापरकर्त्याला एक पीडीएफ दाखवायची असेल, तर त्या फाइलपुरती आणि काही मिनिटांपुरती सही केलेली लिंक पुरते. तिला शेअर्ड ॲक्सेस सिग्नेचर, म्हणजेच एसएएस, म्हणतात.

आधी सही कशाने करायची ते ठरवा. अकाउंट कीनेही ती करता येते, पण मग ती की सर्व्हरवर सांभाळत बसावं लागतं. त्यापेक्षा यूजर डेलिगेशन एसएएस घ्या. त्यात सही ॲझ्युअरकडून मिळणाऱ्या तात्पुरत्या ‘डेलिगेशन की’ने होते. सर्व्हरला मॅनेज्ड आयडेंटिटी (ॲझ्युअर स्वतः सांभाळतं अशी ओळख) द्या, म्हणजे कॉन्फिगमध्ये पासवर्ड किंवा की ठेवायची गरजच उरत नाही.

पुढची पायरी रोलची, म्हणजे त्या आयडेंटिटीला परवानग्या देण्याची, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. डेलिगेशन की मागण्यासाठी ‘स्टोरेज ब्लॉब डेलिगेटर’ हा रोल संपूर्ण स्टोरेज अकाउंटवर द्यावा लागतो. नुसत्या कंटेनरवर देऊन भागत नाही. फाइल वाचण्यासाठीचा ‘स्टोरेज ब्लॉब डेटा रीडर’ मात्र हव्या त्या कंटेनरपुरताच द्या. लिंकमध्ये लिहिलेली आणि आयडेंटिटीकडे असलेली, अशा दोन्हीकडे जी परवानगी असेल तेवढीच चालते. डेटाचा रोल विसरलात तर लिंक व्यवस्थित तयार होते, पण उघडली की ४०३, म्हणजे ‘परवानगी नाही’ ही एरर.

आता कोड. फाइल मागणाऱ्याला ती पाहायचा हक्क आहे का, हे सर्व्हरने आधी तपासावं. ते काम एसएएस करत नाही. मग डेलिगेशन की मागवा. ती जास्तीत जास्त ७ दिवस चालते, त्यामुळे दर विनंतीला नवी मागू नका, कॅश करा, म्हणजे मिळालेली साठवून पुन्हा वापरा. लिंक बनवताना कंटेनर नव्हे तर ब्लॉब निवडा, परवानगी फक्त वाचण्याची आणि प्रोटोकॉल फक्त एचटीटीपीएस ठेवा. मुदत ५–१० मिनिटं पुरे. वेळ यूटीसीमध्येच (जागतिक प्रमाणवेळेत) द्या. सुरुवातीची वेळ टाकूच नका, किंवा १५ मिनिटं मागची टाका. दोन मशीनची घड्याळं थोडी मागेपुढे असली की ‘आत्तापासून’ची लिंक सुरुवातीला चालत नाही.

अपलोडसाठी ‘राइट’ऐवजी ‘क्रिएट’ परवानगी द्या. क्रिएटने नवी फाइल टाकता येते, जुनीवर लिहिता येत नाही. आयडेंटिटीला त्यासाठी लिहिण्याचाही रोल लागेल. फाइलचं नाव सर्व्हरनेच ठरवावं. आकारावर एसएएस मर्यादा घालत नाही, तेव्हा तो अपलोडनंतर तपासा.

एकदा दिलेली एक लिंक तेवढी परत घेता येत नाही. डेलिगेशन की रद्द केल्या तर त्यांच्यावरच्या सगळ्याच लिंका मरतात, आणि तेही लगेच होईल असं नाही. मुदत आखूड ठेवायची ती यासाठी. सही लिंकच्या आतच असते, म्हणून लॉगमध्ये पूर्ण यूआरएल लिहू नका.

शेवटी मुद्दाम खोड्या काढून बघा: त्याच सहीने दुसरी फाइल मागा, वाचायच्या लिंकने लिहून पाहा, मुदत संपल्यावर उघडा. तिन्ही वेळा ४०३ यायला हवा. मग अकाउंट कीवर दुसरं काही चालत नाही ना, हे बघून सेटिंगमधून शेअर्ड की ॲक्सेस (अकाउंट कीने मिळणारा प्रवेश) बंद करा. यूजर डेलिगेशनच्या लिंका त्यानंतरही चालू राहतात.