लिफ्ट आणि प्रवाशांची आकृती काढताना या चुका टाळा

इमारतीतील लिफ्ट कशी चालते हे समजावणाऱ्या अनेक आकृत्यांत लिफ्ट ठळक दिसते, पण कोण कोणत्या मजल्यावर आणि कशासाठी थांबले आहे, ते कळत नाही. प्रवासी दिसेनासा झाला की लिफ्टच्या हालचालीमागचे कारणही दिसेनासे होते.

सर्वाधिक घोटाळा बाणामुळे होतो. समजा, चौथ्या मजल्यावरून वर निघालेल्या लिफ्टमधील तिघांना सातव्या मजल्यावर जायचे आहे आणि पाचव्यावर एक जण खाली जाण्याचे बटण दाबून उभा आहे. वर-खाली अशी दोन्ही बटणे असलेल्या व्यवस्थेत लिफ्ट सहसा त्याला ओलांडून पुढे जाते आणि परतताना त्याला घेते. त्याच्या शेजारी खालच्या दिशेचा बाण नसेल, तर हेच योग्य वागणे पाहणाऱ्याला बिघाड वाटते. म्हणून लिफ्टचा बाण केबिनच्या माथ्यावर काढावा, प्रवाशाचा बाण त्याच्या चिन्हाला लागूनच असावा आणि दोन्हींचे आकार स्पष्टपणे वेगळे ठेवावेत.

थांबलेल्या प्रवाशाच्या डोक्यावर ‘७’ लिहिणे हीदेखील चूकच आहे, कारण मजल्यावरचे बटण लिफ्टला फक्त दिशा सांगते. नेमका मजला केबिनमधले बटण दाबल्यावरच कळतो. लॉबीतच मजला निवडण्याची सोय असेल, तर मात्र तो आकडा आधीच दाखवणे बरोबर ठरते.

संगणकावर आकृती तयार करताना इमारत उलटी आली, तर पडद्यावरील उभे माप बहुतेक प्रणालींत वरून खाली मोजले जाते, हे आठवावे. तळमजला धरून एकूण मजल्यांतून एक आणि मजल्याचा क्रमांक वजा केला की मजल्याची वरून मोजलेली जागा बरोबर येते. मात्र तळमजल्याला शून्य मानलेले असावे. अमेरिकी नमुना उतरवून घेतला असेल, तर तेथे तळमजल्यालाच बहुधा पहिला मजला म्हणतात, हेही तपासावे.

आपल्याकडे ‘८ व्यक्ती, ५४४ किलो’ ही पाटी ओळखीची आहे. त्यात माणशी ६८ किलो धरलेले असतात. केबिनचा चौकोन आठ चिन्हे मावतील एवढा नसेल, तर चिन्हे एकमेकांवर न चढवता ‘५/८’ (आठपैकी पाच जण आत) असे लिहावे. वर जाणारे हिरवे आणि खाली येणारे लाल, एवढ्यावरही विसंबू नये. काही जणांना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत आणि काळ्या-पांढऱ्या छपाईत तर फरक कोणालाच दिसत नाही.

एवढे करूनही हालचाल उमगत नसेल, तर एकाच चित्रावरचा हट्ट सोडावा. रेल्वेच्या वेळ-अंतर आलेखाप्रमाणे आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर मजले घ्यावेत. चालती लिफ्ट तिरकी रेघ होते, थांबलेली लिफ्ट आडवी. प्रवाशाची आडवी रेघ त्याने बटण दाबल्याच्या क्षणी सुरू करून त्याला घेणाऱ्या लिफ्टच्या रेघेपर्यंत न्यावी. तिची लांबी म्हणजेच त्याला थांबावे लागलेला वेळ, आणि लिफ्टच्या दोन व्यवस्थांची तुलना याच लांबीवरून करता येते.