आधी हजाराचा भाव विचारा, मग संप

भंडारा-गोंदियाकडच्या जुन्या बिडी-संपावर माहितीपट करायचा असेल तर कॅमेऱ्याआधी वही काढा. नागपूरच्या एम्प्रेस मिलमधला १८७७चा संप पुस्तकांत सापडतो. सुपावर बिड्या वळणाऱ्या बायांनी काम बंद ठेवलं, त्याची नोंद मात्र क्वचितच कुणी ठेवली. ती आता त्यांच्याच तोंडून मिळवायची आहे, आणि त्या सत्तरी-ऐंशीत आहेत. उशीर करू नका.

“संपाबद्दल सांगा” म्हटलं की आजी पुढाऱ्याचं नाव घेऊन थांबतात. त्याऐवजी विचारा, “आजी, तेव्हा हजार बिड्यांमागे किती भेटत होते? छाट किती काढायचे?” छाट म्हणजे ठेकेदाराने खराब ठरवून बाजूला टाकलेल्या बिड्या, ज्यांचे पैसे मिळत नसत. भांडणाचं मूळ बहुधा भाव, छाट आणि कमी दिलेलं पान-तंबाखू यांतच असतं. सालही थेट विचारू नका. पोळ्याआधी की नंतर, मांडीवर कोणतं लेकरू होतं, असं विचारलं की साल आपोआप निघतं. दोन घरांतून जुळलं तरच ते पडद्यावर लिहा.

कागद शोधताना जुनी नावं लक्षात ठेवा. १९५६पर्यंत विदर्भ मुंबईकडे नव्हता, म्हणून त्याआधीच्या फायली ‘सी. पी. अँड बेरार’ (मध्य प्रांत व वऱ्हाड) आणि मध्य प्रदेशाच्या नावाने शोधा. गोंदिया १९९९पर्यंत भंडारा जिल्ह्यात होतं. घरातल्या ट्रंकेत युनियनच्या वर्गणीची पावती किंवा बिडी कार्ड (बिडी कामगाराचं ओळखपत्र) मिळालं तर जागेवरच ६०० डीपीआयला स्कॅन करा, मूळ कागद नेऊ नका. कार्ड नवऱ्याच्या नावावर असेल तर बिड्या कोण वळत होतं, हेही विचारून घ्या.

मे महिन्यात मुलाखत सकाळी सहा ते नऊमध्येच उरका. नंतर कूलर लागतो, आणि त्याची घरघर बोलणं न बिघडवता नंतर काढणं अवघड जातं. कॉलर माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर, पदराच्या वर लावा. पदराखाली गेला की नुसती खसखस येते. रेकॉर्डरच्या मीटरवर आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. शेवटी सगळ्यांना गप्प बसवून खोलीचा एक मिनिट आवाज घ्या, जोडकामात तोच सांधा झाकतो. ट्यूबलाइटखाली सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० सेकंद शटर ठेवा, नाहीतर चित्र लुकलुकतं.

बिडी वळणं वेगळं टिपा, कारण हात चालू असताना बांगड्या शब्द गिळतात. भिजवलेलं पान, पान कापायच्या मापाचा पत्र्याचा फर्मा, कात्री, तंबाखू, वळण, दोरा आणि मुडपलेलं तोंड, हे सगळं एका शॉटमध्ये, न तोडता पाच मिनिटं घ्या.

आजी किंवा सून आजही त्याच ठेकेदाराचं पान आणत असेल तर चेहरा दाखवण्याची परवानगी दोनदा घ्या: चित्रीकरणाआधी, आणि कच्चा कट, म्हणजे माहितीपटाची पहिली जोडणी, दाखवल्यावर. तो कट समाजमंदिराच्या भिंतीवर दाखवा आणि रेकॉर्डर चालूच ठेवा. “अगं, त्या दिवशी तूही होतीस की,” असं मागून कुणीतरी म्हणतं, आणि पुढची मुलाखत तिथूनच मिळते.