सपाट चित्रातल्या अक्षरांचा ग्रेडियंट बदलताय? या चुका टाळा

लेयर (अक्षरं, पार्श्वभूमी यांचे वेगवेगळे थर) असलेली मूळ फाइल सापडत नाही, हाती फक्त एक जेपीईजी आहे आणि शीर्षकातला निळा-जांभळा ग्रेडियंट (एका रंगातून दुसऱ्यात हळूहळू जाणारी छटा) काढून तिथे नारिंगी-पिवळा हवा आहे. अशा वेळी बहुतेक जण थेट रंगाला हात घालतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की आधी अक्षराचा आकार रंगापासून सोडवून घ्या. तो नीट सुटला की ग्रेडियंट टाकणं दोन मिनिटांचं काम. नाही सुटला, तर जुना रंग कुठून ना कुठून डोकावत राहतो.

त्याआधी एक गोष्ट तपासा. फॉन्ट ओळखता येत असेल आणि मागचा रंग एकसारखा असेल, तर मजकूर सरळ नव्याने टाइप करा. पुढचा सगळा खटाटोप वाचेल.

मॅजिक वाँडवर विसंबणं

मॅजिक वाँड म्हणजे क्लिक केलेल्या रंगासारखा भाग निवडणारं टूल. फोटोशॉपमध्ये त्याचा टॉलरन्स, म्हणजे किती वेगळा रंग चालेल ती मर्यादा, मुळात 32 असतो. एकरंगी अक्षराला तो पुरतो. ग्रेडियंटमध्ये मात्र वरच्या निळ्यावर क्लिक केलं की सिलेक्शन अक्षराच्या मध्यावरच थांबतं. टॉलरन्स वाढवत नेला की एका टप्प्यावर ते अक्षराबाहेर सांडतं. शिफ्ट दाबून तुकडे जोडत गेलात तर कड दातेरी होते.

देवनागरीत आणखी एक अडचण येते. शिरोरेषेमुळे अख्खा शब्द एका क्लिकमध्ये हाती लागल्यासारखा वाटतो, पण अनुस्वाराचा टिंब सुटा असतो. तो हमखास राहून जातो आणि नारिंगी शब्दावर एकटाच निळा दिसतो. उलट बाजूने गेलात, म्हणजे पार्श्वभूमी निवडून सिलेक्शन उलटवलंत, तर व, ब, ठ यांच्या पोटातली बंद जागा अक्षरातच धरली जाते. काँटिग्युअसची (फक्त सलग जोडलेला भाग निवडण्याची) खूण काढली की ती जागा सुटते, पण मग चित्रात इतरत्र त्याच रंगाचं जे काही असेल तेही सोबत येतं.

कडेचा पिक्सेल विसरणं

माझ्या मते सगळ्यात जास्त कामं इथे बिघडतात. पांढऱ्यावर गडद निळं अक्षर घ्या, आरजीबी (लाल, हिरवा, निळा यांचं 0 ते 255 मधलं प्रमाण) 0, 0, 128. झूम 800% करा आणि कडेचा एखादा पिक्सेल आयड्रॉपरने (रंग मोजणाऱ्या टूलने) तपासा. जिथे अक्षराने पिक्सेलचा निम्मा भाग व्यापलाय, तिथे साधारण 128, 128, 192 असा फिकट निळा सापडेल. कड गुळगुळीत दिसावी म्हणून केलेली ही मिसळ, म्हणजे अँटी-अलायझिंग. तुम्ही आत 255, 128, 0 असा नारिंगी भरलात तर कडेला 255, 192, 128 च्या आसपासचा रंग यायला हवा. प्रत्यक्षात तिथे जुना फिकट निळाच बसून राहतो. एका भित्तिपत्रकात माझ्याकडून हे राहून गेलं होतं. स्क्रीनवर जाणवलं नाही, छापून आल्यावर प्रत्येक अक्षराभोवती निळसर रेघ होती.

सिलेक्शन 1 पिक्सेलने वाढवणं हा यावर सर्रास सांगितला जाणारा उपाय. रेघ कमी होते खरी, पण अक्षरं जाड होतात आणि लहान आकारात अक्षरांची पोटं बुजायला लागतात.

मग काय करायचं? चॅनेल बघा

चित्रातला लाल, हिरवा आणि निळा रंग किती आहे हे तीन वेगवेगळ्या करड्या चित्रांत साठवलेलं असतं, तेच चॅनेल. निळ्यातून जांभळ्याकडे जाणारा ग्रेडियंट घ्या: 0, 0, 200 पासून 200, 0, 200 पर्यंत. लाल चॅनेल बदलतो, पण हिरवा पूर्ण अक्षरभर 0 आहे आणि पांढऱ्या पार्श्वभूमीत 255. म्हणजे हिरव्या चॅनेलपुरता ग्रेडियंट अस्तित्वातच नाही! तिथे फक्त अक्षराचा आकार दिसतो, कडेच्या अर्ध्या-मुर्ध्या पिक्सेलसकट. लाल-पिवळ्या अक्षरांसाठी निळा चॅनेल बघा, हिरव्या-निळ्यांसाठी लाल.

हिरव्या चॅनेलची प्रत काढा, ती इन्व्हर्ट (काळं-पांढरं उलट) करा. लेव्हल्स या उजळता जुळवणाऱ्या सोयीने काळं पूर्ण काळं आणि पांढरं पूर्ण पांढरं करा, पण मधली करडी कड शाबूत ठेवा. मधला करडा पट्टा चिरडलात की पुन्हा दातेरी कड आलीच. चित्रातल्या इतर गोष्टी या प्रतीत पांढऱ्या उमटल्या असतील तर त्यांवर काळा ब्रश फिरवा. मग कंट्रोल दाबून चॅनेलच्या थंबनेलवर क्लिक करा आणि सिलेक्शन तयार असतानाच ग्रेडियंट फिल लेयर घ्या. मास्क (फक्त अक्षराच्या आकारात रंग दिसू देणारा पडदा) आपोआप लागतो, रंग नंतर कितीही वेळा बदलता येतात. गिंप या मोफत प्रोग्राममध्येही चॅनेलची प्रत काढून तिचं सिलेक्शन करता येतं.

पण थांबा, जुनी अक्षरं खाली तशीच आहेत. नव्या लेयरच्या अर्धपारदर्शक कडेतून ती दिसणारच. शिवाय जेपीईजीत रंगाची माहिती बऱ्याचदा उभी-आडवी निम्म्या रेझोल्यूशनने साठवलेली असते, त्यामुळे जुना रंग अक्षराबाहेरही एक-दोन पिक्सेल सांडलेला असतो. म्हणून मधे एक लेयर घेऊन जुनी अक्षरं पुसून टाका. पार्श्वभूमी एकरंगी असेल तर तोच रंग भरा. मागे फोटो असेल तर अक्षरांचं सिलेक्शन दोन-तीन पिक्सेल वाढवून कंटेंट-अवेअर फिल (आजूबाजूचं बघून जागा भरणारी सोय) किंवा क्लोन स्टँप (दुसरीकडचा भाग उमटवणारं टूल) वापरा. हे काम फार सफाईदार नसलं तरी चालतं, कारण बहुतेक भाग नव्या अक्षरांखाली झाकला जातो.

फक्त ह्यू फिरवणं

ह्यू म्हणजे रंगछटा. ह्यू/सॅच्युरेशनचा स्लायडर दोन्ही टोकांचे रंग एकाच कोनाने फिरवतो. एक टोक पिवळं आणि दुसरं लाल असं हवं तेव्हा ते जमेलच असं नाही. कलर ब्लेंड मोड (वरच्या लेयरचा फक्त रंग खाली मिसळण्याची पद्धत) जुनी उजळता कायम ठेवतो, त्यामुळे गडद निळ्यावर पिवळा टाकला की मळकट शेवाळी छटा येते. ग्रेडियंट मॅप उजळतेवरून रंग ठरवतो. जुना ग्रेडियंट गडदकडून उजळाकडे सरळ जात असेल तरच तो उपयोगाचा. दोन्ही टोकं सारखीच उजळ असतील तर त्याला फरक करायला काही सापडत नाही.

चुकीच्या अंतरावर ड्रॅग करणं

ग्रेडियंट टूल कॅनव्हासच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढलंत तर अक्षरांच्या वाट्याला फक्त मधला तुकडा येतो आणि ग्रेडियंट फिका वाटतो. देवनागरीत मात्रांच्या टोकापासून उकाराच्या तळापर्यंत मोजलं तरी थोडंफार तेच होतं. मी शिरोरेषेपासून अक्षरांच्या पायापर्यंत ओढते. मात्रा आणि उकार टोकाच्या रंगात राहिले तरी छान दिसतात. शिफ्ट दाबून ठेवलं की रेघ तिरकी जात नाही. जुना ग्रेडियंट पूर्ण शब्दावर होता की दर अक्षराला वेगळा, हेही आयड्रॉपरने आधी बघून घ्या.

टूल्स चालतच नसतील तर

फाइल जीआयएफ किंवा पीएनजी-8 असेल तर ती इंडेक्स्ड मोडमध्ये, जास्तीत जास्त 256 रंगांत असते. आधी मोड आरजीबी करा. ग्रेस्केल फाइलमध्ये रंग भरूनही राखाडीच दिसतो, तिथेही हाच इलाज.

ग्रेडियंटमध्ये पट्टे दिसत असतील तर डिदरची (छटांच्या सीमेवर बारीक ठिपके मिसळण्याची) खूण करा. दोन जवळच्या छटा मोठ्या अक्षरावर पसरल्या की पट्टे पडतात, अशा वेळी दर चॅनेलला 16-बिट असलेल्या मोडमध्ये काम करा. काम चालू असताना फाइल पीएसडी (फोटोशॉपची) किंवा एक्ससीएफ (गिंपची) या प्रकारातच ठेवा. जेपीईजी पुन्हा पुन्हा सेव्ह केली की दर वेळी कडेभोवती नवा कचरा साचतो, आणि पुढच्या वेळी मास्क काढताना तोच आडवा येतो.